रिट्रॅक्ट बसवायचेत, पण चाक पंखात मावत नाही

चाळीतला_वैमानिक (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. वर्षभर नुसता वाचत होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

यंदाच्या पावसाळ्यात रिमोटवर उडणारं एक लो-विंग (पंख पोटाशी असलेलं) मॉडेल विमान बांधलं. बाल्सा आणि प्लाय, पंखांचा विस्तार १५०० मिमी, वजन २.३ किलो, पुढे १३ इंची प्रॉप (प्रॉपेलर), ४एस म्हणजे चार सेलची बॅटरी. टेलड्रॅगर आहे, म्हणजे दोन चाकं पुढे आणि एक चिमुकलं शेपटीखाली. प्लॅनमध्ये पाय कायमचे बाहेर, ४ मिमी तारेचे. उडतं छान, तक्रार काही नाही. पण डोक्यावरून जाताना ती तार खाली लोंबकळताना दिसली की कसंतरीच होतं. बगळ्यालासुद्धा उडताना पाय मागे घ्यायची अक्कल असते.

म्हणून इलेक्ट्रिक रिट्रॅक्टची, म्हणजे चाकांचे पाय पंखात मिटवणाऱ्या युनिटची जोडी आणली. काल पंख उलटा ठेवून कव्हरिंग सोललं आणि पट्टी लावली, तर गणित बसेना. पाय आतल्या बाजूला मिटायचे आहेत. त्या ठिकाणी पंखाची रुंदी २६० मिमी, मुख्य स्पार (पंखाचा कणा) पुढच्या कडेपासून ७८ मिमीवर. पुढच्या कडेचं लाकूड १२ मिमी खातं. उरले ६६. माझं चाक ६५ मिमीचं! एक मिमीत काय, श्वास घेऊ?

स्पारच्या खालच्या पट्टीला जरा खाच मारली तर चालेल का? आणि युनिट नक्की कुठे बसवायचं? फोटो टाकलेत.

भोचक

एवढा खटाटोप दोन चाकं लपवायला? खाली उभं राहून कोणाला दिसणारे?

चाळीतला_वैमानिक

मला दिसतं. बास.

सोल्डरसम्राट

युनिट चांगली दिसतायत. फक्त ती थेट रिसीव्हरला लावू नकोस. तुझ्या ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसी, म्हणजे त्यातला रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग, किती अँपिअरचा आहे ते आधी सांग. बाकीचं नंतर लिहितो, आत्ता ठाण्याच्या गाडीत उभा आहे, एका हाताने टाइप करतोय.

बाल्साबुवा

स्पारला हात लावायचा नाही. खाचही नाही, चराही नाही, "जरासं"ही नाही. वळणावर मॉडेलला स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट भार सहज येतो आणि तो सगळा स्पारच्या वरच्या-खालच्या दोन पट्ट्यांवर असतो. खालची पट्टी ताणली जाते. ताणलेल्या लाकडाला खाच मारली की ते तिथूनच फाटतं. हे मी पाहिलंय, स्वतःच्याच विमानाचं पाहिलंय, आणि तो आवाज दोनशे फुटांवरून खाली ऐकू येतो.

चाक लहान कर, ६० मिमीचं घे. पण तुझा खरा प्रश्न तो नाहीच. मला एक सांग: पाय खाली आल्यावर चाक जमिनीला कुठे टेकणार?

चाळीतला_वैमानिक

बुवा, मिटल्यावर जिथे आहे त्याच्या खालीच ना? युनिट सरळ बसवलं तर पाय दारासारखा उघडणार.

बाल्साबुवा

बरोबर. आणि गोची तिथेच आहे.

दाराची उपमा चांगली दिलीस, तीच धरू. बिजागरी जर पंखाच्या रुंदीच्या रेषेत, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे अशी अगदी आडवी असेल, तर चाक मिटलेलं असताना पुढच्या कडेपासून जेवढं मागे आहे, उघडल्यावरही तेवढंच मागे राहणार. तारेला पुढे बाक दिलास तरी सुटका नाही. बाक दिलेलं चाक मिटताना पुढच्या कडेवर जाऊन आपटेल.

तुझ्या पंखात चाकाचा मध्य पुढच्या कडेपासून ४५ मिमीवर येईल. सीजी (गुरुत्वमध्य) तू कुठे ठेवतोस? साधारण स्पारवरच असणार, ७८ मिमीला. म्हणजे चाक सीजीच्या फक्त ३३ मिमी पुढे. आणि सीजीची चाकाच्या आसापासूनची उंची, पायाची १५० मिमी लांबी आणि वर पंखातली थोडी मिळून, १९० च्या घरात. ३३ भागिले १९०: आसापासून सीजीकडे जाणाऱ्या रेषेचा उभ्या रेषेशी कोन निघतो दहा अंशांच्या आत. टेलड्रॅगरला पंधराच्या आसपास तरी पाहिजे. दहा अंशांत गुळगुळीत डांबरावर निभावेल. गवतावर चाकाला किंचित अटकाव झाला की शेपूट वर, नाक खाली, प्रॉप गेला. तुझ्या प्लॅनमधली स्थिर तार बघ, ती चांगली पुढे झुकलेली असेल. आखणाऱ्याने उगीच झुकवलेली नाही.

दुकानात सगळे विचारतात मोटर कुठली, गिअर धातूचे का, किती किलोच्या विमानाला चालेल. चाक कुठे टेकणार हे कोणी विचारत नाही.

चिमणी

बुवांचं बरोबर आहे, मी या चुकीची किंमत मोजलेली आहे. आमची उडवायची जागा कर्जतच्या पुढे, भात कापल्यावरचं खाचर. धसकटं राहतात, दोन-तीन इंचांची. माझ्या कमी उंचीच्या विमानाने तिथे एका हिवाळ्यात सात प्रॉप खाल्ले. सात! आईला वाटायचं मी लाकडी चमचे मोडून आणते.

भोचक

मुंबईत का नाही उडवत? शिवाजी पार्क, जुहू, आरे?

चिमणी

अहो, मुंबईत विमानतळ आहे, नौदल आहे, अणुसंशोधन केंद्र आहे. वर पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात. ड्रोनबरोबर रिमोटवर चालणारी छोटी विमानंही त्यात नावानिशी असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेच्या मॉडेलसाठी काही सवलती आहेत, पण नकाशावर तुमची जागा लाल पट्ट्यात असली की तो विषय संपला. म्हणून सगळे कर्जत, मुरबाड, शहापूर. पहाटेची पहिली गाडी.

चाळीतला_वैमानिक

माझी वारी पण तीच. पंख लगेजच्या डब्यात. मागच्या वेळी एका पाटीवाल्या मावशींनी विचारलं, "एवढा मोठा पतंग कुठं नेतोस रे?" विमान आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून पाटी सरकवून जागा दिली. घरी पोचलो तेव्हा कव्हरिंगला बोंबलाचा वास होता तो आठवडाभर गेला नाही.

बुवा, मग उपाय काय? पाय पुढे तर पाहिजे आणि चाक तर पंखात मागे.

बाल्साबुवा

बिजागरी तिरकी करायची. आठ अंश.

युनिट ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर बसतं त्यावर प्लायची पाचर चिकटव, जाड बाजू शेपटीकडे. ४५ मिमी लांबीत सव्वासहा मिमी चढ दिलास की आठ अंश होतात. त्याने युनिटचं पुढचं टोक पंखात आत जातं, मागचं बाहेर येतं, आणि पाय उघडला की आपसूक पुढे झुकतो. १५० मिमीच्या पायाला आठ अंश म्हणजे चाक २१ मिमी पुढे. ३३ आणि २१, चोपन्न. ५४ भागिले १९०, सोळा अंशांच्या जवळ. झालं काम.

आता याचा तोटा. मिटल्यावर चाकही त्याच आठ अंशांत तिरकं झोपणार. ६० मिमी चाकाला त्यामुळे आठेक मिमी खोली जास्त लागते. जाडी २२ धर, मग ३० मिमी. तुझा पंख तिथे मध्यावर ३५ भरेल, पण पुढच्या कडेकडे निमुळता होत जातो. म्हणून चाक पूर्ण आत घ्यायचा हट्ट करू नकोस. मागची कड पाच-सहा मिमी बाहेर राहू दे. डकोटा विमानाची चाकं मिटल्यावरही अर्धवट बाहेरच असायची आणि त्याने तिचं काही बिघडलं नाही. उलट पोटावर उतरायची वेळ आली तर त्यावर ती घरंगळायची.

आठऐवजी पंधरा अंश देऊ का असं आता विचारशील. नको. चाक पंखाच्या वरच्या कातड्यातून डोकं काढेल.

सोल्डरसम्राट

घरी पोचलो. आता विजेचं.

इलेक्ट्रिक युनिटमध्ये मोटर एक स्क्रू फिरवते, त्या स्क्रूवर नट सरकतो आणि पाय उघडतो-मिटतो. शेवटाला पोचला की मोटर अडते, करंट एकदम चढतो, आतलं सर्किट ते ओळखून मोटर बंद करतं. म्हणजे "पोचलो" आणि "अडकलो" यातला फरक त्याला कळत नाही. चाक खोबणीच्या कडेला नुसतं घासलं तरी त्याला वाटतं काम झालं, आणि पाय अर्ध्यात लटकतो.

बीईसीचं म्हणशील तर, अडकलेली मोटर मोकळ्या मोटरच्या कितीतरी पट करंट खेचते. दोन्ही पाय आणि चार सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) एकाच वेळी ३ अँपिअरच्या बीईसीवर ओढलेस तर व्होल्टेज बसतं, रिसीव्हर क्षणभर झोपतो, आणि तो क्षण हवेतला असतो. वेगळा ५ अँपिअरचा बीईसी लाव आणि ईएससीच्या कनेक्टरमधली लाल तार काढून टेप मार. लॅमिंग्टन रोडला जातोच आहेस तर वाय-हार्नेस (एका जोडणीच्या दोन करणारी) जाड तारेची घे, ती केसासारखी बारीक वाली नको.

आणि जोडणी झाल्यावर पहिल्यांदा बॅटरी लावताना विमान उचलून धर. स्विच कुठल्या बाजूला आहे हे विसरून मी टेबलावरच्या उभ्या विमानाचे पाय मिटवलेत. खाली चहाचा कप होता.

मी_गोरेगावकर

मी जुन्या वळणाचा माणूस. यांत्रिक रिट्रॅक्ट आणि १८० अंश फिरणारा सर्व्हो. त्यात जे सुख आहे ते या मोटरींत नाही. सर्व्होचा हात आणि पुशरॉड (युनिटला जोडणारी काडी) एका रेषेत आले की वरून कितीही दणका बसू दे, सर्व्होच्या दातांवर काही येत नाही, कुलूप लागल्यासारखं. युनिटलाही दोन्ही टोकांना स्वतःचं कुलूप असतं. विजेचा भरवसा काय?

सोल्डरसम्राट

काका, पण ते पुशरॉड जुळवायला तुम्हाला किती रविवार लागले?

मी_गोरेगावकर

चार. आणि अर्धा मिमी चुकला की सर्व्हो कुरकुरत राहतो आणि बॅटरी पितो, हेही कबूल. तरीपण.

बाल्साबुवा

दोन्ही चालतं. हवेवर चालणारे पण चालतात, पण टाकी, झडप, नळ्या हे सगळं आपल्या दमट हवेत कुठेतरी हळूच गळतं. ज्याचं विमान त्याची हौस. युनिट बसवायच्या पट्ट्या मात्र कडक लाकडाच्या पाहिजेत, बाल्साच्या चालणार नाहीत. बीच मिळालं तर बीच. ती निदान दोन रिबमध्ये (पंखाच्या फासळ्यांमध्ये) आरपार रोवायची, रिबला आतून १.५ किंवा २ मिमी प्लायचं अस्तर लावायचं, आणि चिकटवायला हळू सुकणारी एपॉक्सी. पाच मिनिटांची नको. पायाचा धक्का वर येतो त्याहून जास्त मागे खेचतो, तेव्हा रिब उभी फाटते.

चाळीतला_वैमानिक

(तीन आठवड्यांनी)

झालं. सगळं नाही, पण बरंच.

बीचच्या पट्ट्या शेवटी एका सुताराकडून कापून घेतल्या, तो म्हणाला एवढ्याशा तुकड्याचे पैसे काय घेऊ, चहा पाज. पाचर ६ मिमी प्लायची, कानशीने उतार दिला. दोन्ही पाचरी एकमेकींवर ठेवून घासल्या, म्हणजे चुकल्या तर दोन्ही सारख्या चुकतील. दोन पायांत ४८० मिमी अंतर ठेवलं, त्यामुळे मिटलेलं चाक फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) अगदी बाहेर थांबतं. खोबणीला जुन्या प्लास्टिक डब्याचं बूड कापून वापरलं. कव्हरिंग सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने गोल कापलं, ब्लेडने कापलं असतं तर धागे निघाले असते. वजन १४० ग्रॅमनी वाढलं.

एक तक्रार. दोन्ही युनिट एकाच खोक्यातली, पण एक ९० अंश उघडतं आणि दुसरं ८७! दुकानदार म्हणाला, "सगळ्यांची अशीच येतात." सगळ्यांची अशीच येत असतील तर सगळ्यांनी परत करायला हवीत. शेवटी त्या बाजूच्या पट्टीखाली पातळ पत्र्याची चकती घातली.

दुसरं म्हणजे पायाची पिन युनिटमध्ये धरून ठेवणारा तो ग्रब स्क्रू. गोल पिनवर गोल टोकाचा स्क्रू, तो धरणार काय? टेबलावर नुसतं चाक ढकललं तरी पाय वळायचा. म्हणून काल रात्री गॅलरीत बसून पिनला सपाट खाच घासली. स्प्रिंगच्या पोलादाला साधी कानस लागता लागत नाही. कर्रर्र कर्रर्र, साडेअकरा वाजता. शेजारचे आजोबा दार उघडून म्हणाले, "दाढी करतोस का रे?" तासाभराने पिनवर नखाएवढा चकचकीत चौकोन तयार झाला. त्यावर स्क्रू बसवला, थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. आता पकडीने पिळलं तरी हलत नाही.

चिमणी

चाकं किंचित आत वळवलीस का? समोरून बघितल्यावर दोन्हींची पुढची टोकं एकमेकींकडे, अगदी एक-दोन अंश. बाहेर वळलेली असली तर धावपट्टीवर विमान दारुड्यासारखं चालतं.

चाळीतला_वैमानिक

खाच घासतानाच तेवढा कल दिला. नशीब, आधी वाचलं होतं.

भोचक

माझा एक गंभीर प्रश्न. पूर्वीच्या खऱ्या विमानांना हे होतं का? टाटांच्या पहिल्या विमानाला?

बाल्साबुवा

भोचकराव, पहिल्यांदा कामाचं विचारलंत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले ते पुस मॉथ विमान. त्याचे पाय स्थिर होते. पण त्यात एक गंमत होती: पायांवरची निमुळती झाकणं वैमानिकाला नव्वद अंशांत फिरवता यायची. आडवी केली की वाऱ्याला अडून ब्रेकचं काम करायची. पाय आत घेता येत नाहीत तर निदान कामाला लावा! आपल्या हवाई दलाच्या नॅट लढाऊ विमानात याच्या उलट, पाय आत जाणारे होते आणि तेच हवेत अर्धवट बाहेर काढून एअरब्रेक म्हणून वापरायचे.

आणि धागाकर्त्याने पाय आतल्या बाजूला मिटवले हे उत्तम. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचे पाय बाहेरच्या बाजूला मिटायचे, बिजागऱ्या पोटाजवळ, त्यामुळे जमिनीवर दोन चाकांत अंतर कमी. हरिकेनचे आत मिटायचे, चाकं लांब लांब. खडबडीत मैदानावर हरिकेन जास्त निवांत उतरायचं ते त्यामुळे.

सोल्डरसम्राट

उडवायच्या आधी घरी पन्नास वेळा उघड-मीट कर. पंख हातात धरून, उलटा, सुलटा, उभा. हवेत पाय आपल्या वजनाने खाली ओढला जातो आणि वारा त्याला मागे दाबतो. टेबलावर उलट्या पंखात चाललं म्हणजे चाललं असं नाही.

आणि हवेत एकच पाय अडकला तर? घाबरून खालीवर खालीवर करू नकोस. दोन-तीनदा कर, नाही झालं तर दुसराही आत घे, मोटर बंद, गवतात पोटावर. एका पायावर उतरलास तर पंखाचं टोक जमिनीत घुसतं आणि विमान गरकन फिरतं.

चाळीतला_वैमानिक

(रविवार रात्र)

गेलो होतो. चिमणीताईंनी त्यांच्या ओळखीची रोलर फिरवलेली पट्टी दाखवली, खाचरात नाही उतरवलं. धसकटांवर ६० मिमीचं चाक न्यायची हिंमत नाही, निदान या मोसमात नाही.

पहिल्या उड्डाणात पाय आत घेतलेच नाहीत. बोट स्विचवर होतं, पण वळेना. सहा मिनिटं उडवलं आणि तसंच उतरवलं. टेकल्यावर शेपूट खाली राहिलं, नाक टेकलं नाही. बुवा, चोपन्न मिमी!

दुसऱ्या वेळी चढताना स्विच मारला. आवाज काही येत नाही, इतक्या लांबून कसा येणार. पण पोटाखालच्या त्या दोन काड्या हळूहळू वाकल्या आणि नाहीशा झाल्या. मग जे विमान डोक्यावरून गेलं ते माझं वाटेना. वेग वाढला का? थोडा, फार नाही. लांबट आणि स्वच्छ दिसलं एवढं खरं.

उतरताना मात्र... पट्टीवर रांगेत आलो, थ्रॉटल कमी केला, सगळं लक्ष वाऱ्याकडे, आणि मागून चिमणीताई ओरडल्या, "पाय!!" जमीन तीन मीटरवर असेल. पूर्ण थ्रॉटल, परत वर, परत फेरी, मग पाय. हात पुढचा तासभर थरथरत होते.

चिमणी

त्या "पाय!!" ला बाजूच्या शेतातले काका काठी घेऊन धावले. त्यांना वाटलं साप.

बाल्साबुवा

उतरायला वळताना मोठ्याने म्हणायचं: "पाय खाली, दोन दिसतायत." लाजायचं नाही. मी तीस वर्षं म्हणतोय आणि तरीही दोनदा पोटावर उतरलोय.

आता पावसाळ्याच्या आधी युनिट काढून स्क्रूला तेलाचा हात दे आणि माळ्यावर ठेवताना पिशवी बांध. आपल्या हवेत पिनला जूनमध्येच गंज चढतो.

सोल्डरसम्राट

व्हिडिओ बघितला. मस्त. पण बारकाईने बघ, डावा पाय आधी आत जातो, उजवा जवळजवळ एका सेकंदाने. त्याच बाजूचं ते ८७ अंशांचं युनिट ना?

बाल्साबुवा

खऱ्या लढाऊ विमानांतही बरेचदा एक पाय आधी जायचा, दुसरा मागून. छान दिसतं ते. उगीच उघडू नकोस.

चाळीतला_वैमानिक

बुवा, तुमचा प्रतिसाद उशिरा वाचला. उघडलंय. एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेलीय, शोधतोय.